सिमेंटात प्रतिजैविक गेले, भूल बाहेर राहिली

१२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात महात्मा गांधींची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. येरवडा तुरुंगातला हा कैदी दगावला असता तर सरकारची अब्रू गेली असती, त्यामुळे त्या रात्रीचा तपशील बारकाईने नोंदला गेला. मुंबईहून डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलावण्याइतका वेळ नव्हता. भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री आणि पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेण्यात आले. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे असे निवेदन गांधींनी सही करून दिले आणि कर्नल मॅडॉक यांनी सुरी हाती घेतली. मध्येच वादळाने वीज गेली, हातातली बॅटरीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. पुढे जखमेच्या जागी गळू झाले, प्रकृती अपेक्षेइतक्या वेगाने सुधारेना, आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली. शंभर वर्षे ही हकिकत सांगितली जाते. तीत वीज आहे, कंदील आहे, संमतीपत्र आहे, गळूही आहे. भूल उतरल्यानंतरच्या दोन-तीन रात्रींच्या वेदनेपाशी मात्र सांगणारा सहसा थांबत नाही. यात कुणाचा निष्काळजीपणा नव्हता, कामांची वाटणीच तशी होती. भूल ही टेबलावरची गोष्ट. रुग्ण टेबलावरून खाली आला की तिचे काम संपले. पू मात्र सर्जनच्या नावावर जमा होई. हीच वाटणी पुढे पन्नास वर्षांनी एका अगदी वेगळ्या पदार्थात उतरली, आणि तो पदार्थ म्हणजे हाडात भरायचे सिमेंट. त्यात प्रतिजैविक मिसळायला शल्यचिकित्सकांना फारसा वेळ लागला नाही. जागेवरची भूल देणारे औषध मिसळण्याचा विचार मात्र प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच रेंगाळला. याचे कारण रसायनशास्त्रात कमी आणि त्या जुन्या वाटणीत अधिक आहे, असे माझे म्हणणे आहे.

हाडाचे सिमेंट ही कल्पना आधुनिक वाटते, पण बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवताना राळ, प्युमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचे मिश्रण वापरून पाहिले होते. ते प्रयत्न जंतुसंसर्गापायी फसले. आज वापरात असलेल्या ॲक्रिलिक सिमेंटचा उगम दवाखान्यापेक्षा कारखान्यात शोधावा लागतो. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पारदर्शक छत्र्या त्याच जातीच्या प्लास्टिकच्या होत्या. युद्धापूर्वीच कुल्झर या कंपनीने या प्लास्टिकची भुकटी आणि त्याचाच द्रव मिसळून दंतवैद्यांसाठी कणीक तयार केली, आणि १९४३ च्या सुमारास ती उष्णता न देताही घट्ट व्हावी यासाठी तिच्यात ॲमीन घालण्याची युक्ती सापडली. कवळ्यांसाठी निघालेली ही कणीक हाडापर्यंत पोहोचली ती कोपनहेगनमध्ये कियर आणि न्यूयॉर्कमध्ये हाबूश यांच्या हातून, १९५० च्या दशकाच्या आरंभी. पण तिला शास्त्राचे रूप दिले जॉन चार्नली यांनी. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या दंतसाहित्य विभागातले डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने १९५८ पासून ते ती कृत्रिम खुब्याचा दांडा मांडीच्या हाडात बसवण्यासाठी वापरू लागले. चार्नलींचा एक आग्रह लक्षात ठेवण्याजोगा आहे: सिमेंट हा डिंक नव्हे, ते फरशीच्या सांध्यात भरतात तशा भरावाचे काम करते, जागा भरते आणि भार वाटून देते. भराव म्हटला की त्यात आणखी काही घालता येईल का, हा प्रश्न आपोआप येतो.

तो प्रश्न जंतुसंसर्गाने विचारला. सुरुवातीच्या वर्षांत चार्नलींच्या सांध्यांत सात ते नऊ टक्के रुग्णांना पू होई, आणि खुब्याच्या सांध्यात पू होणे म्हणजे सांधा काढावा लागणे, पाय आखूड होणे, कधी रुग्ण गमावणे. चार्नलींनी हवेचा पाठलाग केला: शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती स्वच्छ हवेचा बंदिस्त कप्पा उभारला, अंगभर झगे घातले, श्वास ओढून घेणाऱ्या नळ्या लावल्या, आणि हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आणले. हॅम्बुर्गमध्ये हान्स-विल्हेल्म बुखहोल्त्स यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी सिमेंटच्या भुकटीतच प्रतिजैविके मिसळून पाहिली. पेनिसिलिन पाहिले, एरिथ्रोमायसिन पाहिले. जेंटामायसिन सगळ्यांत टिकले, कारण ते उष्णतेला पुरून उरते, पाण्यात विरघळते आणि पुष्कळ जातींच्या जंतूंवर चालते. एंगेलब्रेख्ट यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये हे प्रसिद्ध केले आणि दोनच वर्षांत तसे तयार सिमेंट युरोपात विकत मिळू लागले. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या मिश्रणात अनेक उणिवा होत्या. सिमेंटात अडकलेल्या जेंटामायसिनपैकी दहा टक्केसुद्धा सहसा बाहेर येत नाही. पहिल्या काही दिवसांत पृष्ठभागाजवळचे झिरपते आणि उरलेले कायमचे गाडले जाते. फार भुकटी घातली तर सिमेंटची ताकद घटते. जंतू औषधाला सरावतील ही भीती पहिल्या दिवसापासून होती, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असे तयार सिमेंट २००३ पर्यंत मंजूर केले नाही, तेही सांधा पुन्हा बसवताना वापरण्यापुरतेच. तरीही युरोपने ते स्वीकारले. उणिवांवर पुढे काम झाले, आणि नॉर्वेत १९८७ पासून चालणाऱ्या सांधेरोपणाच्या नोंदवहीने हजारो खुब्यांचा हिशेब मांडून त्याची बाजू बळकट केली.

आता भुलीच्या औषधांचे कपाट पाहू. कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे १८८४ मध्ये दाखवले. ऑगस्ट बियर यांनी १८९८ मध्ये कंबरेतून भूल देऊन पाहिली आणि मग ती स्वतःवर व आपल्या सहाय्यकावर करून घेऊन दोघांनीही डोकेदुखी पत्करली. नोव्हाकेन १९०५ च्या सुमारास वापरात आले. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये लिडोकेन बनवले, ते १९४८ पासून झायलोकेन या नावाने विकले जाऊ लागले आणि आज आपल्याकडे दाताच्या खुर्चीवर बसलेल्या कुणालाही ते नावानिशी ठाऊक असते. बुपिव्हाकेन १९५७ चे. म्हणजे बुखहोल्त्स हॅम्बुर्गमध्ये एकामागून एक प्रतिजैविके सिमेंटात घालून पाहत होते, तेव्हा जागेवर बधिरता आणणारी दोन भरवशाची औषधे त्याच थिएटरच्या त्याच कपाटात होती. हाडात खिळा ठोकल्यावर, मणक्यात सुई घातल्यावर किंवा कंबरेच्या हाडातून कलम काढल्यावर जागा ठणकते, आणि पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, हेही त्यांना ठाऊक होते. मग जे औषध जागेवरच हवे आणि थोडे दिवसच हवे, ते जागेवरच बसणाऱ्या भरावात घालावे, हे कुणाला सुचले नसेल असे मानणे कठीण आहे.

रसायनतज्ज्ञ इथे आक्षेप घेतील आणि तो आक्षेप हलका नाही. ॲक्रिलिक सिमेंट घट्ट होते ते मुक्त मूलकांच्या साखळीने: भुकटीतले बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि द्रवातले ॲमीन भेटले की साखळी सुरू होते. लिडोकेन आणि बुपिव्हाकेन हीसुद्धा ॲमीनच. तेव्हा ही औषधे साखळीच्या वेगात लुडबुड करतील, सिमेंट लवकर किंवा उशिरा घट्ट होईल, अशी शंका रास्त आहे. शिवाय घट्ट होताना सिमेंट तापते. प्रयोगशाळेच्या चाचणीत हा ताप ७० अंशांच्या वरही जातो, शरीरात रक्ताच्या वाहण्यामुळे तो बराच कमी राहतो. आणि जेंटामायसिनप्रमाणेच भुलीच्या औषधाचाही मोठा भाग आतच गाडला जाईल. पण हे सगळे आक्षेप प्रतिजैविकाबाबतही होतेच. तेव्हा कुणी म्हटले नाही, की दहा टक्के झिरपते म्हणून मिसळूच नका. उलट विचारले गेले की झिरपणारे दहा टक्के जंतू मारायला पुरतात का. आणि पुरतात असे दिसल्यावर उरलेले नव्वद टक्के वाया गेले म्हणून कुणी हळहळले नाही. एकाच पदार्थाला, एकाच अडचणीला दोन वेगळे निकष लावले गेले. फरक औषधाच्या गुणधर्मात असता तर तो प्रयोगांनी उघड केला असता. इथे प्रयोगापर्यंतच फार थोडे लोक गेले.

ते का गेले नाहीत, याचे उत्तर माझ्या मते मोजणीत आहे. पू मोजता येतो. सांधा काढावा लागला की ती नोंद होते, सर्जनच्या नावापुढे लागते, रुग्णालयाच्या हिशेबात येते. स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्यांची १९७९ मध्ये सुरू केली तेव्हा त्यांचे एकक होते ‘पुन्हा करावी लागलेली शस्त्रक्रिया’. वेदनेला असे एकक नव्हते. रुग्णाने एका रेषेवर खूण करून आपली वेदना दाखवायची, ही साधी पट्टी हस्किसन यांनी १९७४ मध्ये मांडली. मेलझॅक यांची प्रश्नावली १९७५ ची. म्हणजे जेंटामायसिन सिमेंटात शिरले त्या वर्षी वेदना मोजण्याचे सर्वमान्य साधनच हाती नव्हते. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची जबाबदारी घेणारे स्वतंत्र पथक अमेरिकेत सिॲटलला उभे राहिले आणि त्याचा वृत्तांत १९८८ मध्ये छापून आला. तोवर ती कुणाची, हा प्रश्न वॉर्डातल्या परिचारिकेवर सोडलेला असे. ज्याची मोजणी नाही त्याची चाचणी नाही. पण एक विचित्र गोष्ट अशी, की पट्टी आल्यावरही सिमेंटाकडे फारसे कुणी वळले नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला पाचवे जीवनलक्षण म्हटले गेले आणि तिच्यावरचा तोडगा म्हणून अफूजन्य गोळ्या हात सैल सोडून दिल्या गेल्या. त्याचे पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे.

इथे हाडांचा अनुभवी डॉक्टर म्हणेल की सर्जनांनी वेदना दुर्लक्षिली हे खरे नाही, आणि सिमेंटावाचूनही काम झाले आहे. सिडनीतल्या केर आणि कोहान यांनी २००८ मध्ये ३२५ रुग्णांचा वृत्तांत दिला. सांधा बसवताना सर्जननेच आजूबाजूच्या मऊ भागांत रोपिव्हाकेन, केटोरोलॅक आणि ॲड्रेनलिन यांचे मिश्रण टोचायचे, अशी त्यांची रीत होती, आणि आज गुडघ्याच्या सांधेरोपणात ती जगभर रूढ आहे. बुपिव्हाकेन मेदाच्या सूक्ष्म थेंबांत भरून तीन दिवस हळूहळू सोडणारे इंजेक्शन अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. कोलॅजनच्या चकतीत भरलेले बुपिव्हाकेन २०२० मध्ये. हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. गुडघा आणि खुबा यांच्या बाबतीत, जिथे सर्जनला सांधा उघडा दिसतो आणि चारी बाजूंनी सुई घालता येते, तिथे सिमेंटात लिडोकेन घालण्याचा हट्ट धरण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयातून पुढे ‘इंडस’ गुडघा निघाला; मांडी घालून आणि उकिडवे बसणाऱ्या माणसांचा गुडघा किती वाकायला हवा, हा परदेशी बनावटीने न विचारलेला प्रश्न त्याच्या मुळाशी होता. त्या गुडघ्याच्या सिमेंटालाही भुलीच्या औषधाची गरज नाही. गरज आहे ती हाडाच्या बंद पोकळीत, जिथे सुईच्या वाटेने सिमेंट जाते आणि सुई बाहेर आली की पुन्हा आत जाण्याची वाट राहत नाही. मणका ही अशी जागा आहे.

आणि अशा जागेसाठी विचार करता येईल असे दुसऱ्या जातीचे सिमेंटही आहे, ज्याला रसायनतज्ज्ञाचे आक्षेप लागू होत नाहीत. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या संशोधन विभागातले ब्राऊन आणि चाऊ यांनी १९८० च्या दशकात कॅल्शियम फॉस्फेटच्या दोन क्षारांची भुकटी पाण्यात कालवली तर ती शरीराच्या तापमानालाच घट्ट होते आणि हाडातल्या खनिजाशी मिळतेजुळते ॲपेटाइट बनते, हे दाखवले. (पुन्हा दंतवैद्यकच! हाडाच्या सिमेंटचा इतिहास म्हणजे दंतवैद्यकाने हाडांच्या डॉक्टरांना दिलेली उसनवारी आहे.) इथे साखळी नाही, मूलके नाहीत, जाणवण्याजोगा ताप नाही; क्षार विरघळतात आणि नव्या स्फटिकांच्या रूपाने परत साकळतात. त्या स्फटिकांच्या जाळीत सूक्ष्म छिद्रे राहतात आणि त्यांतून औषध पाझरू शकते. लॅटव्हियातल्या रीगा तांत्रिक विद्यापीठात लिडोकेन घातलेल्या अशा सिमेंटवर प्रयोग झाले आहेत. फ्रान्समधल्या प्रयोगशाळांनीही हा विषय हाताळला आहे. औषध झिरपण्याचा क्रम साधारण अपेक्षेप्रमाणेच असतो: आधी मोठा लोंढा, मग मंद धार. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने टोचता येणारे कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट स्वतः विकसित केले आहे, म्हणजे भुकटी आणि द्रव यांची किमया देशाबाहेरून आणण्याचीही गरज नाही. औषध स्वस्त आहे, पेटंटच्या पलीकडचे आहे. कदाचित हेच त्याचे दुर्दैव असेल. ज्यात कुणाला नफा दिसत नाही त्याच्या चाचणीचा खर्च कोण उचलणार?

आता सर्वांत गंभीर आक्षेप, रुग्णाच्या जिवाचा. बुपिव्हाकेन चुकून रक्तात गेले तर हृदय बंद पाडू शकते, याकडे १९७९ मध्ये आल्ब्राइट यांनी लक्ष वेधले आणि भूलतज्ज्ञ ते अजून विसरलेले नाहीत. लिडोकेन तुलनेने सौम्य आहे, पण मणक्याचा मगज रक्ताने भरलेला असतो आणि तिथे टोचलेले औषध जवळजवळ शिरेत टोचल्यासारखेच पसरते. कागदावर हिशेब सोपा दिसतो. ॲड्रेनलिनशिवाय लिडोकेनची प्रचलित मर्यादा वजनाच्या दर किलोला ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईसाठी २७० मिलिग्रॅम. एका मणक्यात चार मिलिलिटर फॉस्फेट सिमेंट गेले, ते ढोबळमानाने आठ ग्रॅम धरले आणि त्यात दोन टक्के लिडोकेन असले तर १६० मिलिग्रॅम होतात, मर्यादेच्या आत. पण ही मर्यादा त्वचेखाली टोचण्याची आहे. हृदयाची लय बिघडल्यावर शिरेतून देतात तो डोस किलोला एक ते दीड मिलिग्रॅम असतो, आणि १६० मिलिग्रॅम एकदम रक्तात गेले तर ते त्याच्याही वर जातात. म्हणून दोन टक्के ही संख्या मी स्वीकारणार नाही. दुसरीकडे, शिरा सापडत नाही तेव्हा हाडात सुई घालून सलाइन देण्याच्या तातडीच्या पद्धतीत शुद्धीवरच्या प्रौढाला आधी ४० मिलिग्रॅम लिडोकेन मगजातच, सावकाश, देतात. आणि ते दुखणे थांबवण्यासाठीच देतात. आठ ग्रॅम सिमेंटात ४० मिलिग्रॅम म्हणजे अर्धा टक्का. एवढ्या मात्रेने काम होईल का, हा प्रश्न उघडा आहे. एवढी मात्रा मगजात जाणे वैद्यकाला अपरिचित आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. सांध्याजवळ वेगळी काळजी हवी: खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर पंपाने दिवसचे दिवस सांध्यात भुलीचे औषध सोडल्याने कूर्चा विरघळल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या प्रशासनाने २००९ मध्ये इशारा दिला होता. मणक्याच्या मधोमध कूर्चा नाही. सांध्याला लागून असलेल्या हाडात हे मिश्रण भरू नये, हा धडा मात्र तिथून घ्यायलाच हवा.

सिमेंटात काही मिसळून घाईने टोचले तर काय होते, याचा दाखलाही इतिहासात आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोरियन या कंपनीचे कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट मणक्यात वापरायला परवानगी नव्हती. तिची मालक कंपनी सिंथेस हिने, क्ष-किरणांत दिसावे म्हणून बेरियम सल्फेट घातलेले त्याचे रूप २००३-०४ च्या सुमारास सर्जनांना शिकवून रुग्णांच्या मणक्यांत वापरवले. त्या सिमेंटने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे आधीच्या चाचण्यांत दिसले होते. तीन रुग्ण टेबलावर दगावले. नोरियन आणि सिंथेस यांनी २०१० मध्ये गुन्हा कबूल केला, दोन कोटी डॉलरहून अधिक दंड भरला आणि चार अधिकारी तुरुंगात गेले. हा दाखला माझ्या मुद्द्याविरुद्ध वापरला जाईल हे उघड आहे. पण तो नीट वाचला तर वेगळे दिसते. तिथे चूक नव्या मिश्रणाची कल्पना करण्यात नव्हती; चाचणीचा टप्पा गाळून थेट रुग्णावर जाण्यात होती. सावधगिरीचा अर्थ चाचणी करणे असा होतो, चाचणी कधीच न करणे असा होत नाही. जेंटामायसिनला ती संधी मिळाली होती.

आणि मणक्याच्या बाबतीत तर भुलीचे औषध चाचणीत येऊन बसलेलेच आहे, फक्त चुकीच्या खुर्चीवर. ठिसूळ हाडांमुळे दबलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची पद्धत फ्रान्समध्ये आमियां इथे गालिबेर आणि देरामों यांनी १९८४ मध्ये आधी एका गाठीसाठी वापरली, मग ती म्हातारपणीच्या मणका दबण्यासाठी सर्रास होऊ लागली. पाठ मोकळी होते, असे रुग्ण सांगत आणि डॉक्टर मानत. ऑगस्ट २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी छापून आल्या, एक कॅल्म्स आणि दुसरी बुखबाइंडर यांची. दोन्हींत निम्म्या रुग्णांना सिमेंट दिले आणि निम्म्यांना नुसते सोंग. खोलीत सिमेंटचा तिखट वास पसरेल याचीही व्यवस्था केली, म्हणजे कुणाला ओळखू येऊ नये. महिन्याभराने दोन्ही गटांच्या वेदनेत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. कॅल्म्स यांच्या १३१ रुग्णांत सोंगाच्या गटातही त्वचेत लिडोकेन आणि हाडाच्या आवरणापर्यंत बुपिव्हाकेन टोचलेले होते. सात वर्षांनी, २०१६ मध्ये, सिडनीतून ‘लॅन्सेट’मध्ये १२० रुग्णांची तिसरी चाचणी आली. तिच्यात सोंगाच्या गटाला लिडोकेन फक्त त्वचेखाली दिले होते, हाडापर्यंत नाही; आणि तिथे सिमेंट जिंकले, दोन आठवड्यांनी ४४ टक्क्यांची वेदना पुरेशी उतरली होती, सोंगाच्या गटात २१ टक्क्यांची. या फरकाची इतर कारणे आहेत: सिडनीतले मणके ताजे दबलेले होते, रुग्ण अधिक त्रासात होते. शिवाय काही तास टिकणारे औषध महिनाभराचा आराम देते असा दावा कुणीही जबाबदार माणूस करणार नाही. तरी हाडाच्या आवरणापर्यंत भूल पोहोचली का, हा तपशील वादाच्या केंद्राशी आहे, आणि त्यावर भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते औषध सिमेंटचा प्रतिस्पर्धी म्हणूनच पाहिले. ते सिमेंटचा भाग असू शकते, अशी मांडणी क्वचितच झाली.

पुण्यासाठी हा वाद दूरचा नाही. घरात घसरून पडलेली सत्तरीची बाई, दबलेला मणका, दोन-तीन दिवसांचा रुग्णालयातला मुक्काम आणि मग चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत सून आणि गोळ्यांची पाकिटे, असे रुग्ण या शहरात रोज येतात. आपल्याकडे त्या गोळ्यांत मॉर्फिन क्वचितच असते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत केली की पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर कोसळला. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सैल झाले तरी सवय बदललेली नाही. अमेरिकेने अफूजन्य औषधे फार दिली, आपण जवळजवळ दिलीच नाहीत. मूत्रपिंड अशक्त असलेल्या म्हाताऱ्या माणसाला दाहशामक गोळ्याही फार देता येत नाहीत. तेव्हा जागेवर राहून तीन दिवस काम करील अशा औषधाची निकड बोस्टनपेक्षा पुण्याला अधिक आहे. साधनेही आहेत. १९४४ पासून चालणारे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र, १९४८ पासूनचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, १९५० मध्ये पाषाणला उघडलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि तिच्या आवारात २००७ पासून नवउद्योजकांना जागा देणारे व्हेंचर सेंटर, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून: हाड, भूल आणि बहुवारिके यांची जाण असलेली माणसे एका शहरात इतक्या जवळ क्वचित असतात. अर्थात जवळ असणे आणि एका खोलीत बसणे यांत पुण्यात नेहमीच बरेच अंतर राहिले आहे.

ती एका खोलीत बसली तर करायची चाचणी फार खर्चिक नाही, मात्र तिची आखणी आजवरच्या चाचण्यांपेक्षा वेगळी हवी. आधी प्राण्यांवर, अर्धा टक्का लिडोकेन घातलेल्या फॉस्फेट सिमेंटने रक्तातले प्रमाण किती चढते ते पाहायचे आणि सिमेंटची ताकद व घट्ट होण्याचा वेळ बिघडत नाही याची खात्री करायची. मग रुग्णांचे तीन गट: साधे सिमेंट, साधे सिमेंट आणि हाडाच्या आवरणापर्यंत टोचलेले लिडोकेन, लिडोकेन मिसळलेले सिमेंट. दुसरा गट नसेल तर निकालाचा अर्थच लागणार नाही, कारण स्वस्त सुईने तेच साधत असेल तर मिश्रणाची गरज संपते आणि मी माझे म्हणणे मागे घेईन. तिसरी अट मोजणीची. २००९ च्या चाचण्यांनी मुख्य निकाल महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घेतला. इथे पहिल्या ७२ तासांत दर सहा तासांनी वेदनेची खूण, पहिल्यांदा उठून बसल्याची वेळ, रात्री लागलेली झोप आणि मागून घेतलेल्या गोळ्या नोंदायला हव्यात. भारतीय नियमांत असे मिश्रण नुसते उपकरण राहत नाही, त्यातल्या औषधाचाही स्वतंत्र विचार होतो, त्यामुळे परवानगीचा अर्ज जाडजूड होईल. त्या अर्जावर हाडांच्या सर्जनबरोबर भूलतज्ज्ञाची सही पहिल्या पानावर असावी.